तांदळाच्या पिठातलं माप

फंगहू बेट, ५ डिसेंबर १९८३
चि. नात युए-चिन हिला आमाचे अ. आ.

वि. वि. आम्ही बरे आहोत, तुझ्या बापाच्या नावेचा रेडिओ तेवढा मुका आहे. अँटेनाची वायर संचाला जोडणारा पितळी कनेक्टर खाऱ्या हवेनं खाल्ला. थंडीतल्या सणाच्या सुमारास बोय मासळीचे थवे येतील. रेडिओ असो-नसो, आपण निघणारच, असं तो म्हणतो. गेल्या साली शेजारचा आ-होक असाच गेला. वादळाची सूचना सगळ्यांना मिळाली, त्याला नाही. त्याची आई अजून रोज धक्क्यावर येते.

तू रेडिओच्या दुकानात नोकरीला, तर नवा कनेक्टर पाठव. वायरीवर काही छापलंय, पण मला अक्षर येत नाही आणि पत्र लिहून देणारे काओ मास्तर नावेत चढायला घाबरतात. हे लिहिताना त्यांनी नाक मुरडलं. म्हणून सणाच्या गोळ्यांच्या तांदळाच्या पिठात वायर दाबून, वाळवून ठसा पाठवते. खाऊ नकोस.

माया आहेच, लवकर उत्तर दिलंस तर वाढेल.
तुझी आमा

तायपे, ९ डिसेंबर
ती. आमास सा. न.

वि. वि. ठसा पाहून दुकानात सगळे हसले, मालकांनी मात्र मोजला. सात मिलिमीटर. कनेक्टरचं तोंड संच बघून घ्यायचं, मागची बाजू वायरीची जाडी बघून. बाबांच्या संचाला आट्यांचा, फिरवून बसवायचा लागतो. तोच, सात मिलिमीटरच्या वायरीचा पाठवला आहे. आतली तार मधल्या पिनेला, बाहेरची जाळी कड्याला डाखून घ्यावी. दोन्ही एकमेकींना लागल्या, तर रेडिओ मुकाच.

लोभ ठेव, टोमणे कमी कर.
युए-चिन

फंगहू, १३ डिसेंबर
चि. युए-चिनला अ. आ.

वि. वि. वायर आत जाईना. पीठ वाळलं की आकसतं. साठ वर्षं गोळे वळतेय, मला कळायला हवं होतं. तुझा बाप वायर तासायला निघाला. मी म्हटलं, जावई दारात मावेना म्हणून त्याला सोलतात का? मग सुरीनं वायरीचाच वीतभर तुकडा कापला, सोबत आहे. अँटेनाची वायर आता संचापर्यंत पुरायची नाही, म्हणून तो ओरडला. संच वीतभर पुढे सरकव, म्हटलं. इंजिनाचं हँडल तांदळाच्या पिंपात लपवलंय. तुझा कनेक्टर येईल, तेव्हाच निघेल.

घाई कर, बाप पिंपाभोवती घिरट्या घालतोय.
आमा

फंगहू, २३ डिसेंबर
चि. युए-चिनला अ. आ.

वि. वि. तू पाठवलेले जाड वायरीचे दोन कनेक्टर पोचले. एक बसला, हँडल दिलं. काल दुपारी बंदराच्या रेडिओवर तुझ्या बापाचा आवाज आला, की वारा फिरल्याची सूचना मिळाली, परततोय. मासळीविना आला, तोंड पाडून. मी सणाचे गोळे वाढले, वीसेक खाल्ले.

आ-होकची आई शेजारीच ऐकत बसली होती. तिचा धाकटा मुलगाही आता नाव घेऊन समुद्रात जातोय. जादा कनेक्टर तिला दिला. पण त्याच्या वायरीला बसेल का? या खेपेला पीठ मळलं नाही. काओ मास्तरांना दंडाला धरून त्याच्या नावेत चढवलं आणि वायरीवर छापलेलं वाचायला लावलं. तू कनेक्टरसोबत कळवलेलं, तेच माप निघालं. मास्तर अजून थरथरतायत, म्हणून अक्षर असं आलंय.

अशीच माया राहू दे, आणि पुढच्या सणाला स्वतः ये, पार्सल नको.
तुझी आमा