जाळीमागचा स्पंज

प्रिय नगाऱ्या,

खुशाली विचारत नाही, कारण मी तुझ्यावर संतापलेलो आहे. काल दुरुस्तीवालीनं माझ्या कॉम्प्युटरच्या खोक्याचं पुढचं झाकण उपटलं आणि जाळीमागून स्पंजचा तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. कात्रीनं मापात कापलेला. चित्रकलेच्या तासाला तुझी एक रेघ कधी सरळ आली नाही, आणि इथे चारही काटकोन. "आजोबा, पंखा फिरतोय हो, पण ओढणार कुठली हवा? नाकात बोळे कोंबलेत की," ती म्हणाली. महिनाभर मी त्याच बाईच्या नावानं खडे फोडत होतो.

प्रोसेसर पंच्याण्णव अंशांवर चढायचा आणि यंत्र आपलं आपण बंद पडायचं. मी धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा लेप तिच्याकडून बदलून घेतला, मागचा पंखा गरम हवा बाहेर टाकतो ना, हे कागदाची पट्टी धरून पाहिलं. बाजूचं झाकण उघडलं की आकडा उतरायचा, पण मग पंख्याची भुणभुण तुला खपायची नाही. अशाच एका बंद पडण्यात तुझ्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या तीन कविता गेल्या: नावाड्याची, चिमणीची आणि ती लांबलचक विहिरीची. शाळेत मास्तरांनी लावलेल्या त्या चाली आता तुझ्याशिवाय कुणाला येतात? माझ्याकडे शब्द आहेत, सगळे पाठ. गायला गेलो की कावळा. फळ्यावर उन्हाची तिरीप यायची, तू पहिली ओळ उचलायचास आणि शेजारच्या वर्गातलं गणित थांबायचं. म्हणून तर तू नगारा.

आपण रेकॉर्डिंग सुरू केलं तेव्हा तुला पंख्याचं काही वाटत नव्हतं. तिसऱ्या महिन्यापासून मात्र एकच धोशा, हा भुंगा गप्प कर, माझा आवाज खातोय. मी खोकं टेबलाखाली सरकवलं, पंख्यांचा वेग कमी केला. तरी मी पाणी प्यायला उठलो तेव्हा तू हा उद्योग केलास, आणि वर साळसूदपणे विचारायचास, आज किती अंश रे?

काल दुपारी जुनी आणि नवी रेकॉर्डिंगं लागोपाठ ऐकली. पंखा पहिल्यापासून तेवढाच भुणभुणतोय. खाली आलाय तो तुझा आवाज. तावातावानं फोन केला, तर वहिनींनी उचलला आणि त्या रडल्या. शुक्रवारी तुझं स्वरयंत्र काढणार आहेत. हे तू मला सोडून सगळ्यांना सांगितलंस. स्पंज एक वेळ माफ केला असता. हे नाही करणार.

फोनवर मी नुसता ओरडलो असतो, म्हणून हे सुनेच्या हाती पाठवतोय. आज मंगळवार. उद्या सकाळी दहाला ये. खोकं उघडं असेल, पंखे भरधाव फिरतील, आणि त्याबद्दल एक अक्षर ऐकून घेणार नाही. कुजबुजत म्हण, अर्धी ओळ म्हण, खोकलास तरी मी रेकॉर्डिंग थांबवणार नाही. त्या तीन कविता मला हव्या आहेत. भांडण शुक्रवारनंतर. तेव्हा तुला लिहूनच भांडावं लागेल, आणि तुझं ते किरटं अक्षर वाचता येणारा माणूस मी एकटाच आहे.

तुझाच, राग न गेलेला,
बोरू