संध्याकाळचा मिस कॉल

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा तेच! कापूरहोळचा तो माणूस सकाळपासून फोन करत होता म्हणे, आणि माझा फोन ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. गेले होते कुठं मी? मशीनच्या खोलीत, अंडी बघत. शेवटी त्यानं दुसरीकडून पिल्लं उचलली. माझी शंभर पिल्लं बल्बाखाली चिवचिवत बसली आहेत. अंड्यातून बाहेर आल्यावर एक-दोन दिवसांत पिल्लू गेलं तर धंदा, नाहीतर सांभाळा आणि खायला घाला.

आंबवड्याच्या या घरात लाईट आहे, रस्ता आहे, पाणी आहे. रेंज तेवढी नाही. अंगणाच्या टोकाला पेरूखाली उभं राहिलं तर दोन काड्या येतात. आता पेरूखालीच दुकान मांडायचं राहिलंय.

दिवेलागणीला गेले पेरूखाली. मिस कॉल आला. उलटा मिस कॉल दिला. आत आले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

स्वरूप आला होता – भोरचा, नेटची वायर टाकून देणारा. त्याला फोनचं रडगाणं ऐकवलं. म्हणाला, “वनिताताई, वायर घरात आलीया आन् तुमी अजून झाडाखाली हुबं ऱ्हाता? इंटरनेटचा फोन घ्या. रेंजचा संबंधच न्हाई.” वायरीतून येतो, आपल्याच मोबाईलवर वाजतो, मशीनच्या खोलीतसुद्धा. धंदेवाल्यांसाठी वेगळा मिळतो. पण कंपन्या छप्पन्न आहेत, चौकशी करून घ्या म्हणाला.

चौकशी! हे असते तर त्यांच्यावर ढकललं असतं. हे फोनवर अर्धा अर्धा तास बोलायचे, राँग नंबरशीसुद्धा. तीन वर्षं होऊन गेली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चौकशी केली. दुपार गेली त्यात.

पहिली सेवा फुकट. पण नंबर कुठल्या तरी लांबच्या शहरातला मिळणार. असला नंबर दिसला की आपल्याकडं कुणी उचलत नाही, कर्ज देणारा समजतात.

दुसरी स्वस्त. विचारलं, लाईट गेली तर? पोरगी म्हणाली, मॅडम, त्याची काळजीच करू नका. काळजी करू नका म्हणणाऱ्याचं काही घेऊ नये. लाईट गेली की माझी अंडी थंड पडतात. काळजी हाच माझा धंदा आहे.

तिसरी पुण्याची. त्या माणसानं ऐकून घेतलं आधी. अंडी उबवायच्या मशीनला इन्व्हर्टर आहे ना, मग नेटचा डबाही त्यावरच जोडा म्हणाला. नेट गेलं तर कॉल आपोआप साध्या मोबाईलवर जातो. महिनाभर वापरून बघा, आवाज तुटला तर बंद करा. आणि जुना नंबर बदलायचा नाही! त्यावर आलेला प्रत्येक कॉल यांच्याकडं वळवायचा. पहिल्याच रिंगला यांचं मशीन उचलणार. “एकही कॉल मिस होणार नाही, मॅडम.”

एकही? म्हटलं. एकही, म्हणाला.

घ्यायचं ठरवलं. घरात विचारायला कोण आहे? पिल्लांना विचारलं. एकमतानं होकार!

८ नोव्हेंबर, शनिवार

त्या मिस कॉलचं एकदा लिहूनच टाकते. वाचणार कोण आहे!

सासूबाईंचा असतो. फुलाबाई – मी आत्या म्हणते. हिर्डोशीला असतात, सोपानभाऊजींपाशी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरापाशी. हे गेल्यावर मी मशीन टेम्पोत घातलं आणि इथं आले. तिकडं लाईटचा भरवसा नाही, एसटीचा त्याहून नाही. पिल्लं विकायची कुठं, वरंधा घाटातल्या माकडांना? आत्यांना पटलं नाही. “ल्योक गेला, आता सून बी चालली,” एवढंच भाऊजींना म्हणाल्या. निघाले त्या सकाळी गोठ्यातून बाहेर आल्या नाहीत. मीही आत गेले नाही, पाया पडले नाही. तेव्हापासून बोलणं बंद.

पण इथं आले त्याच संध्याकाळी त्यांच्या नंबरवरून एक रिंग आली आणि कट झाली. मी परत लावला – उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मग डोक्यात प्रकाश पडला. आहेस ना, एवढंच विचारायचं होतं. बोलायचं नव्हतं. मग मीही एक रिंग देऊन कट केला. आहे. तेव्हापासून रोज. आमच्यात तेवढंच.

त्यांच्याही घरात रेंज नाही. वरच्या बांधावर चढावं लागतं. गुडघे धरतात आणि चढतात. हट्टी बाई.

दिवसभरात निव्वळ माझ्यासाठी वाजणारी ती एकच रिंग. बाकी सगळ्या पिल्लांच्या.

९ नोव्हेंबर, रविवार

फोन चालू झाला. कंपनीच्या तयार आवाजातली बाई फलाटावर गाड्यांची घोषणा करतेय असं वाटत होतं. स्वरूप म्हणाला, तुमचाच आवाज भरू, गिऱ्हाइकाला घरचं वाटतं. चार वेळा चुकले. पाचव्यांदा जमलं –

“नमस्कार. मी वनिता बोलतेय. पिल्लांच्या ऑर्डरसाठी एक दाबा. नाहीतर तुमचं म्हणणं सांगा, मी ऐकतेय.”

एक दाबलं की माझा मोबाईल वाजतो. स्वतःचा आवाज ऐकून लाजच वाटली. किती दिवसांनी ऐकला! मोठ्यानं बोलायची वेळ येतेच कुठं.

१० नोव्हेंबर, सोमवार

झकास! मशीनच्या खोलीत बसून सहा ऑर्डरी घेतल्या. शंभरच्या शंभर पिल्लं गेली. खोक्यांना भोकं पाडून पाडून अंगठा दुखतोय.

ॲपमध्ये ‘चुकलेले कॉल’ अशी एक जागा आहे. ती रिकामी! पुण्याचा माणूस खरा निघाला.

पेरूखाली जायचं कारणच उरलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

काल आत्यांचा मिस कॉल आला नाही. आजही नाही. चुकलेले कॉल – शून्य.

भाताची झोडणी चालू असेल. दमल्या असतील.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नाहीच. रुसल्या असतील कशावरून तरी. रुसू देत! मी काय केलंय? मीही उलटी रिंग देणार नाही. आधी त्यांची येते, मग माझी जाते, हा नियम त्यांचाच आहे.

पिल्लं गेल्यापासून घर फार गप्प आहे. ताटात वाढून घेतलं आणि कढईकडं बघत बसले. जेवले नाही म्हणून ओरडायलाही कुणी नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शून्य.

१६ नोव्हेंबर, रविवार

राहवेना. भाऊजींना फोन केला – तांदळाचं निमित्त काढून. आमच्या वाट्याचं पोतं ते पाठवतात दरवर्षी. औंदा भात बरं उतरलंय म्हणाले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, घरी सगळे बरे?

“आई व्हय? लई खुशीत हाय. रोज सांच्याला बांधावर जाती आन् फोनवर बोलत बसती. हाक मारली तर हात करती, थांब म्हनून.”

कुणाशी हो?

“आता म्या काय सांगू. आक्काशी आसंल.”

आक्का म्हणजे नणंदबाई, सासवडच्या. म्हणजे बांधावर जातात. फोन हातात असतो. बोलायला वेळ असतो. मला मात्र एक रिंग नाही!

जळफळाट झाला माझा. लेक ती लेक, सून ती सून. इतका राग आलाय. राग नाही, रडू आलंय. खोटं कशाला लिहू.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवीन अंडी मशीनमध्ये लावली. फोन उत्तम चाललाय. वेल्ह्यापासून कॉल येतात. कुणाचंही बोलणं तुटत नाही. ज्याचं तुटायला नको होतं त्याचं तुटलं.

पाहुणी म्हणून हिर्डोशीला जावं का? काय म्हणून जाऊ? तुमचा मिस कॉल का येत नाही विचारायला? लोक हसतील.

पेरूखाली जाऊन उभी राहिले थोडा वेळ. उगीच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वेल्ह्याच्या सगुणाबाई भांडल्या आज. आठवड्यापूर्वी निरोप ठेवला होता म्हणे, पन्नास पिल्लं राखून ठेवा म्हणून. कसला निरोप? कुणापाशी? “तुमच्याच मशिनीत की. तुमीच म्हनता न्हवं, सांगा, मी ऐकतीया. मग ऐकत का न्हाई?”

स्वरूपला उद्या बोलावलंय. एकही कॉल चुकत नाही म्हणे!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कसं लिहू हे.

स्वरूप आला. फोन हातात घेतला आणि म्हणाला, ताई, हितं बघितलंच न्हाई का तुमी कधी? ‘आवाजी निरोप’ म्हणून वेगळा कप्पा आहे. जो एक दाबत नाही आणि बोलतो, त्याचं बोलणं तिथं साठतं. मशीन पहिल्या रिंगला उचलतं, म्हणून तो कॉल चुकलेल्यांत जातच नाही.

सगुणाबाईंचा निरोप होता. आणि त्याच्या वरखाली, रोजचा एक, दिवेलागणीचा – आत्यांचा नंबर.

मी स्वरूपला चहासुद्धा विचारला नाही. तो बिचारा आपणहून निघाला. मग एकटी बसून ऐकलं.

पहिल्या दिवशीचा अगदी छोटा. नुसता बांधावरचा वारा. मग, “वने? … वने, तूच न्हवं?” आणि कट. पहिल्या रिंगलाच माझा आवाज आला – दचकल्या असणार.

दुसऱ्या दिवशी – “हां. मी हाय. … बरं हाय सगळं.” तेवढंच.

मग रोज थोडं थोडं जास्त. भात झोडून झालं. भाऊजींच्या नूतनला बक्षीस मिळालं शाळेत. “तुजी तांबडी कोंबडी खुडूक बसलीया. बारा अंडी ठेवली खाली. बघू तुजी मशीन जितती का ती.” थंडी पडलीय, कान बांधत जा. उलटी रिंग आताशा येत नाही, न येऊ दे. आवाज येतोय ना. एकदा म्हणाल्या, “तू मधी बोलत न्हाईस त्ये लई बरं हाय. मला सांगाय हुतं.” एकदा नुसत्या गोरख, गोरख म्हणत राहिल्या. यांचं नाव.

आणि परवाचा – “तू गेलीस त्या दिशी म्या गोठ्यात हुते न्हवं. श्यान काडत न्हवते. नुसती हुबी हुते. भाईर आले असते तर तुला जाऊ दिलं नसतं. म्हनून आले न्हाई.”

अंड्यांच्या मशीनमधलं पाणी संपलेलं. उठवेना मला.

मी इकडं रागानं जळत होते आणि त्या रोज माझ्याशीच बोलत होत्या. मीच ऐकतेय असं धरून! मी नव्हते. मशीन होतं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

स्वरूपला सांगून आत्यांचा नंबर वेगळा काढला. उद्यापासून त्या नंबरला मशीन उचलणार नाही, थेट माझा फोन वाजणार.

पण बोलायचं काय? खरं सांगितलं – आत्या, ते मशीन होतं – तर त्यांना काय वाटेल? एवढं पोटातलं काढून दिलं आणि ऐकायला कुणी नव्हतंच! शरमेनं पुन्हा कधी बांधावर चढायच्या नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

फोन वाजला. हातात धरून बसले. उचलला नाही! भित्री कुठली.

त्यांना आज कुणीच ‘मी ऐकतेय’ म्हणालं नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

स्वरूपला लाजत पुन्हा फोन. आत्यांचा नंबर परत मशीनवर टाकला. त्याला वाटलं असेल बाईचं डोकं फिरलंय.

आजचा निरोप – “काल कुठं गेलतीस गं? मला वाटलं आजारी पडलीस का काय.” काळजीच आवाजात. रागाचा लवलेश नाही.

एक सुचलंय. मशीनचेच शब्द म्हणायचे. अगदी तसेच, त्याच चालीत. म्हणजे त्यांना फरक कळणार नाही. मग हळूच मध्ये एखादं ‘हां’ म्हणायचं. दुसऱ्या दिवशी दोन शब्द. त्यांना न कळता मशीन काढून मी आत शिरायचं. चोरासारखं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवसभर घोकतेय. नमस्कार, मी वनिता बोलतेय. अंड्यांसमोर म्हणून बघितलं. गळा भरून येतो, मशीनचा येत नाही. तेवढं सांभाळायला हवं.

स्वरूपला नंबर उद्यापासून पुन्हा थेट करायला सांगितला. “ताई, आता शेवटचं हां,” म्हणाला.

शेवटचं, म्हटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार, चंपाषष्ठी

दिवेलागणीला वाजला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हटलं, “नमस्कार. मी वनिता बोलतेय. पिल्लांच्या ऑर्डरसाठी एक दाबा. नाहीतर तुमचं म्हणणं सांगा, मी ऐकतेय.”

तिकडं नुसता वारा. मग आत्या म्हणाल्या, “आज मशीन न्हाई वाटतं.”

मी फोन कानाशी घट्ट धरला.

“दुसऱ्या दिशीच कळलं हुतं मला. सासूला कोन नमस्कार म्हनतं गं, येडे? पर आवाज तुजा हुता. म्हनून येत हुते बांधावर.” धाप लागली होती त्यांना. “लई बोलले म्या. आता तू बोल. मी ऐकते.”