चेन, शाफ्ट आणि सोफ्याचं कव्हर

प्रिय रोशन,

तू रागात आहेस, ठाऊक आहे. मीही आहे. म्हणून कागदावर लिहितेय. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस.

साक्षगंधाची तारीख ठरवायला तुम्ही आमच्याकडे आलात. तुझे आईबाबा ऑटोनं वेळेवर पोचले. तुझ्या मोटारसायकलची चेन व्हरायटी चौकात उतरली, ती तू भर रस्त्यात बसून चढवलीस आणि तसाच येऊन आईच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या सोफा-कव्हरवर हात टेकलास. पाचही बोटं उमटली. वर बाबांना अभिमानानं सांगितलंस, चेनची हीच तर मजा, कुठंही बसवता येते. यावर मी गप्प बसणं शक्य होतं का? मी म्हटलं, बंद दांड्यानं चाक फिरवणारी शाफ्टवाली गाडी असती तर उतरायला चेनच नसती.

मग काय, पोहे राहिले बाजूला. शाफ्ट जड, शाफ्ट ताकद खातो, लडाखच्या वाटेत बिघडला तर कोण दुरुस्त करणार, हे तू. ना तेल, ना घाण, ना सैल झाली म्हणून ताणणं, हे मी. लग्नानंतर लडाखला न्यायच्या ज्या गाडीवरून भांडलो, ती आपल्या दोघांचे पगार मिळूनही येत नाही रे! तुझी आई चहा तसाच ठेवून उठली. माझी आई कव्हराकडे बघत म्हणाली, "पोराच्या घरी साबण नाही का वं?" तारीख राहिलीच.

शाफ्टचं सगळं मी तुझ्याकडूनच शिकले. मला त्यातलं एकच आवडलं, त्याला दर रविवारी पुसावं लागत नाही. हिंगण्याच्या कारखान्यातून तुला एक सुट्टी, ती सगळी त्या चेनला, आणि मी शेजारी ब्रश धरून उभी. मला रविवारी तू हवा होतास, एवढंच.

येत्या रविवारी मला बघायला दुसरं स्थळ येतंय. मुलाचे हात म्हणे लख्ख आहेत. बाबा सारखे विचारतात, "तो चेनवाला काहून येऊन नाही राहिला?" तेव्हा शनिवारी कारखान्यातली पाळी संपली की ये, चेन आमच्याच अंगणात पूस. फडकं आणू नकोस. सोडा, लिंबू, डिझेल, कशानंही तो डाग निघाला नाही. आज आईनं त्या कव्हराच्या चिंध्या फाडल्या, नीट घडी घालून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाली, "ठेव वं, त्याच्या चेनीले कामी पडतीन."

शाफ्टवर अजूनही ठाम, तरी तुझीच,
दीक्षा