उघाडीलगतच्या दोन एकरांची व्यवस्था

मी, खाडीच्या बांधावरील उघाडीचा निवृत्त दरवाजेवाला, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसे निकामी होत आली आहेत. डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. ज्यांनी आणायला हवे होते, त्यांनी सात वर्षे फार सबुरीने घेतले. याआधीचे माझे एक मृत्युपत्र मुलाच्या कपाटात आहे, ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व पडवी, मागच्या विहिरीसह, माझ्या एकुलत्या मुलाला द्यावे. विहिरीचे पाणी पुढे खारट होण्याचा संभव आहे. हे लपवून घर दिले, असे त्याने म्हणू नये म्हणून येथे नमूद करतो.

कलम २. शिवणयंत्र, दोन कात्र्या व कापडाची पेटी सूनबाईंना द्यावी. त्या शिवत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण सासूच्या शेवटच्या आजारपणात त्यांनी महिनाभर तिची वेणी घातली. मुलगा त्या महिन्यात दोनदा आला, दोन्ही वेळा घड्याळाकडे बघत बसला.

कलम ३. माझी सर्व हत्यारे, म्हणजे पाने, पहार, साखळीचा कप्पी-दोर आणि मोठी करवत, खालच्या गल्लीतल्या सुताराला द्यावीत. तो घेणार नाही. तरी त्याच्या दारात ठेवून यावे. कारण लिहितो.

उघाडी म्हणजे बांधातला दरवाजा. ओहोटीला उघडायचा, आतले पावसाचे पाणी नदीत सोडायचे. भरतीला लावायचा, खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही. चौतीस वर्षे मी हेच केले. भरती अडवल्यामुळे नदी गाळाने भरत गेली आणि दरवाज्याबाहेर गाळ कमरेइतका चढला. मला दिसत होते. साहेबांना तक्रारी आवडत नसत, म्हणून नोंदवहीत मी रोज ‘दरवाजा व्यवस्थित’ असे लिहीत गेलो. मोठा पाऊस झाला त्या वर्षी दरवाजा उघडलाच नाही. खालच्या गल्लीत नऊ दिवस पाणी तुंबून राहिले. सुताराची आई अंथरुणाला खिळलेली होती, ती तिसऱ्या दिवशी घरातच गेली. चौकशीत माझी नोंदवही बघून मला निर्दोष ठरवले. सुतार तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. त्याचे बरोबर आहे.

कलम ४. बांधालगतची दोन एकर जमीन, स्वकष्टार्जित. चतुःसीमा: पूर्वेस बांध व त्यापलीकडे नदी, दक्षिणेस उघाडी, उत्तरेस व पश्चिमेस खाजण मंडळाने लावलेले खारे गवत, त्यातले बरेचसे आता काळे पडलेले. ही जमीन माझ्या हयातीनंतर खाजण मंडळाला द्यावी, त्यांनी बांध फोडून नदीचे पाणी आत घ्यावे, माझ्या मुलाने हरकत घेऊ नये.

हे कलम मी आज खोडले आहे. खोडल्याचे कारण पुढे देतो, म्हणजे कोणी शंका काढणार नाही.

खाजण मंडळ माझ्या बायकोने काढले. तिचे शिवणाचे दुकान खालच्या गल्लीत होते. पाणी ओसरल्यावर ती चिखलातून कपडे उपसत होती, तेव्हा शाळेतल्या विज्ञानाच्या बाई तिला म्हणाल्या की पूर्वी हे पाणी पसरायला खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची दलदल होती, ती आपण बुजवली. बायकोने ते मनावर घेतले. दोघींनी मिळून गल्लीतली साठ माणसे गोळा केली. त्यांनी नदीतला कचरा काढला, आतल्या अकरा कुटुंबांकडून पडीक जमिनींसाठी लेखी संमती आणली आणि गुडघाभर चिखलात उतरून पाच वाफ्यांत गवताचा एकेक ठोंब लावला. पण खाऱ्या गवताला रोज भरतीचे पाणी लागते, आणि पाण्याची वाट होती माझ्या जमिनीतून. बारावी सही माझी हवी होती.

मी दिली नाही. माझ्या जमिनीत मीठ शिरलेले मला बघवणार नव्हते. शिवाय बांध फोडायला संमती देणे म्हणजे चौतीस वर्षांची नोकरी चुकीची होती, असे लिहून देणे होते. मी म्हणालो, “माझ्या हयातीत हे होणार नाही.”

ती जेवण वाढत होती. शांतपणे म्हणाली, “मग हयातीनंतर तरी द्याल ना?”

मी हो म्हणालो. ती माझ्याआधी जाईल असे दोघांनाही वाटले नव्हते. तिला जाऊन दोन वर्षे झाली. ती गेल्यावर मी तिचे गमबूट घालून गवताला बादल्यांनी खारे पाणी घालू लागलो. सही करायची सोडून बादल्या वाहिल्या. साठातली सात माणसे उरली. पाचपैकी तीन वाफे मेले.

आज साक्षीसाठी विज्ञानाच्या बाई आणि औषधदुकानदार आले. बाईंनी कलम ४ वाचले आणि पेन खाली ठेवले.

“काका, बांध फोडायची सरकारी परवानगी महिनाअखेरीला संपते. पुन्हा मिळणार नाही. तुम्ही त्याच्या आत मरणार आहात का?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या. मी दुकानदाराकडे पाहिले, माझी औषधे तोच देतो. त्याने मान खाली घातली आणि सांगितले, तीन-चार महिने तरी जातील.

मी संमतीपत्र मागितले. बाईंच्या पिशवीत ते होतेच, सात वर्षांपासूनचे, कडा झिजलेले. सही करण्याआधी मुलाला फोन लावला. त्याला तिथे भराव टाकून गोदाम बांधायचे होते. तो म्हणाला, “बाबा, आईसाठी करताय, आणि बघायला आईच नाही.” एवढे बोलून त्याने फोन ठेवला. त्यानंतर उचलला नाही. मी संमतीपत्रावर सही केली.

उद्या अमावास्या, मोठे उधाण. सकाळच्या ओहोटीत सात जण बांध खणायला घेणार. वरच्या वस्तीतून कोणी येईल का, म्हणून बाई दारोदार फिरून आल्या. कोणी नक्की सांगितले नाही. उरलेले दोन वाफे जगतील असे बाई म्हणत नाहीत, आणि मीही तसे लिहीत नाही.

कलम ५. वरील दोन एकरांबाबत या मृत्युपत्राने काहीही द्यावयाचे उरलेले नाही.

कलम ६. माझे अंत्यकर्म मुलाने करावे. त्याने नकार दिल्यास त्याला कोणी बोल लावू नये.

ठिकाण: उघाडीजवळचे राहते घर.
दिनांक: अमावास्येच्या आदल्या दिवशी, दुपारी.

सही: निवृत्त दरवाजेवाला

साक्षीदार १: विज्ञान शिक्षिका.
साक्षीदार २: औषधदुकानदार.

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी आधी संमतीपत्रावर व नंतर या मृत्युपत्रावर सही केली. सही करताना ते रडत होते. ते पूर्ण शुद्धीवर होते.