प्रांजलला दिसतं तेवढं

सातारा

प्रिय मयू,

फोन केला की तुझा आवाज ऐकूनच मी भलतंच काहीतरी बोलते आणि फोन ठेवून देते. म्हणून लिहितेय. बसून, सावकाश वाच.

दिवाळीच्या सुट्टीत प्रांजलला मुंबईला सिनेमाचं संग्रहालय दाखवायला नेलं होतं. बारावीनंतर त्याला कॅमेराच शिकायचाय, हे तुला ठाऊक आहे. ह्यांना पलटणीतून सुट्टी मिळाली नाही, पण म्हणाले, पोराला घेऊन जाच. किती खुशीत होता तो. हातानं फिरवायची यंत्रं, फिल्म कापून जोडायचं टेबल, एकेक मला समजावत होता. एका जुन्या लाकडी कॅमेऱ्याच्या भोकातून बघू देत होते. त्यानं डोळा लावला आणि म्हणाला, "आई, मला एरवीही एवढंच दिसतं." मला वाटलं, आत्तापासूनच कॅमेरामनसारखा बोलायला लागला. मी हसले गं.

पुढं एक अंधारी खोली होती, पडद्यावर मूकपट चालू होता. लोक सरळ आत जाऊन बसत होते. हा दारातच थांबला आणि एवढा मोठा घोडा माझी ओढणी धरून म्हणाला, "मला धरून ने." मी म्हटलं, नाटकं बास कर, आणि ओढणी सोडवून पुढं गेले. मागं धाडकन आवाज झाला. बाकाला अडखळून तो पडला होता. कुणीतरी हसलं. दिवे लागले तेव्हा मी त्याच्या अगदी बाजूला उभी होते, आणि तो मान वळवून वळवून मला शोधत होता.

मग मिरजेच्या डॉक्टरांकडं गेलो. सांगलीवरूनच गेलो, पण तुझ्या दारात यायचं बळ नव्हतं. डोळ्यांचा पडदा कडेनं विझत चाललाय म्हणाले. आधी अंधारातलं जातं, मग बाजूचं, मग समोरचंही जाऊ शकतं. औषध नाही. प्रांजलनं एकच विचारलं, "कोर्सची तीन वर्षं निघतील का?" डॉक्टर कागदच चाळत राहिले. आता तो दिवसभर मला शूट करतो, भाकऱ्या थापताना, कपडे वाळत घालताना. "आई, तुझा चेहरा पाठ करतोय," म्हणतो. मी कांदा चिरायला घेते. देवाला नवस बोलून झाले, पुण्याचे डॉक्टर झाले, माझे डोळे काढून बसवा असंही म्हणून झालं. तसं होत नाही म्हणे.

डॉक्टरांनी विचारलं, आईकडच्या कुणा पुरुषाला असं होतं का? मला कोरेगावचा मधुमामा आठवला. संध्याकाळी पाटात पडायचा, सगळे म्हणायचे प्यायलाय. मयू, त्यानं दारूला कधी हात लावला नव्हता. हे आईकडून आलंय, माझ्यातून प्रांजलमध्ये. आणि डॉक्टर म्हणाले, बहिणीतही असू शकतं, तिच्या मुलाला दाखवून घ्या. तुझा शौनक आठ वर्षांचा आहे. पाडव्याला तू हसत सांगत होतीस की तो दिवे गेले की जागचा हलत नाही. माझं खोटं ठरू दे, पण उद्याच त्याला मिरजेला ने. आणि तोवर त्याला भित्रा म्हणू नकोस.

तुझीच,
चारुताई