कार्बोलिकचं तसराळं

अमरावती,
ता. १८ जानेवारी १९६३

डॉक्टर केशवराव यांस मोतीरामचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. मी खुशाल आहे, थंडी इकडेही बरीच आहे. तुम्ही लिहिता, नवा कारागीर बिनकामाचा, त्याच्या कवळ्या लोकांच्या तोंडात बसत नाहीत, तेव्हा "रुसवा सोड आणि अकोल्याला परत ये." डॉक्टरसाहेब, रुसायला मी काय तुमचा जावई आहे? हसू आलं वाचून.

त्या बिचाऱ्याला शिव्या देऊ नका. नाचता येईना अंगण वाकडं! कोणाच्या कवळ्या बिघडतात ते बघा. खुशालराव पाटलांची बसली ना? बसणारच. त्यांच्या हिरड्यांतून पू यायचा, तरी त्यांच्या तोंडातून काढलेलं माप तुम्ही नुसतं नळाखाली धरायचात आणि म्हणायचात, "ओत रे साचा." छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांपैकी कोणी आला, वस्तीचं नाव सांगितलं, की चिठ्ठीवर लाल फुली. त्याचं माप कार्बोलिकच्या तसराळ्यात, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. कारण काय, तर जंतू! जंतू जात विचारून बसतात हे कोणत्या कॉलेजात शिकवलं तुम्हाला?

ती मापाची पावडर कालवून तोंडात धरली की रबरासारखी गोठते. पण पाण्यात पडून राहिली की पाणी पिते, फुगते. हे डब्यावर छापलेलं आहे, आणि इंग्रजी तुम्हाला येतं. सगळ्यांचीच मापं थोडा वेळ बुडवून, धुवून, लगेच साचा ओतला असता तर माझी काही ना नव्हती. तुम्हाला जंतू मारायचे नव्हतेच. विटाळ धुवायचा होता.

मी करून पाहिलं होतं. माझ्याच तोंडाची दोन मापं घेतली. एकावर लगेच साचा ओतला, दुसरं दिवसभर तसराळ्यात ठेवलं. पहिल्या साच्यावर केलेली टाळूची पट्टी दुसऱ्यावर डुगडुगली. तुम्हाला दाखवलं, तर म्हणालात, "त्या लोकांच्या हिरड्याच तशा असतात." वा रे तुमची विद्या!

आता म्हणाल, मग चार वर्षं तू का गप्प होतास? बरोबर आहे. बुडवत तर मीच होतो.

माझ्या गळ्यात तुळशीची माळ पाहून तुम्ही गाव विचारलंत, वस्ती विचारली नाही. घरी आमच्या बुद्धाची तसबीर. गावाहून परतताना अकोला स्टेशन आलं की मी खिशातून माळ काढून घालायचो. तुमच्यावर थुंकतो तितकाच स्वतःवरही थुंकतो.

दोन वर्षांमागं चांदूर रेल्वेहून दुर्गाबाई नावाची म्हातारी आली होती. वस्तीचं नाव तिनं बेधडक सांगितलं. तुम्ही मला विचारलंत, "तुझ्याच गावची दिसते, ओळखतोस?" मी म्हटलं, "चेहऱ्यानं ओळखतो." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसली. फुली मी मारली. माप मी बुडवलं. तुम्ही जेवायला गेलात तेव्हा काढता आलं असतं, तरी काढलं नाही.

त्या कवळीनं तिची हिरडी सोलून काढली. अजून ती भाकर पाण्यात भिजवून गिळते. ती माझी माय आहे, डॉक्टर.

मागच्या महिन्यात तिला इथं आणलं. नवी कवळी करतो म्हटलं, मापाचा ट्रे घेऊन समोर बसलो, तर तोंडच उघडेना. म्हणाली, "त्या दिवशी मी सांगतलं असतं का हा माहा पोरगा हाये, तं तुही नौकरी गेली असती. म्हून मी गप्प बसली. आता तुले कोनाचं भेव हाये? त्याले लिव आधी, तू कोनाचा हायेस ते. मंग घे माप."

म्हणून हे लिहिलं. मी परत येणार नाही. फुलीवाल्या सतरा जणांना बोलावून नव्या कवळ्या करून द्या. लाज वाटत असेल तर चिठ्ठ्या इकडे पाठवा, मी करीन.

पत्र मायला वाचून दाखवलं. थुंकण्याचं तिला आवडलं नाही. "डाक्टर हाये तो," म्हणाली. मी खोडलं नाही. तिनं पदरानं ओठ पुसले आणि आता तोंड उघडून बसली आहे. पावडर कालवायला घेतो.

दुर्गाबाईचा मुलगा,
मोतीराम