फाटक्या कानाची

इस्लापूर, मंगळवार, संध्याकाळ

फाटक्या कानाची वानरी गेली. सकाळी विजेच्या तारेला चिकटली. माझं संशोधन हिच्यावरच चाललेलं. पिल्लू मेलं तेव्हा त्याला छातीशी धरून कितीतरी दिवस हिंडली, आणि मी मागंमागं टिपत राहिले. अहवालात 'दुःख' लिहिलं, ते गाइड सरांनी खोडलं. प्राण्यांना नावंही द्यायची नाहीत म्हणतात, नंबरच. बरोबरच असेल.

दुपारी गावानं तिला हार घातला, गुलाल लावला, मारुतीच्या देवळामागं खड्डा खणला. इथं वानराला माणसासारखीच माती देतात. सरपंचांच्या आईनं विचारलं, "मॅडम, तुमी तर रोज हिच्या मागं. नाव काय हिचं? नाव घेऊन माती द्यावी लागती."

सर शेजारीच उभे होते. मी म्हटलं, "एफ-सात."

"हे काय नाव हाय?" म्हातारी हसली नाही. "बिननावाची दिसती बिचारी," म्हणत तिनं मूठ टाकली. गुलालात तो फाटका कान तेवढा वर दिसत होता.

काशी म्हणायचे मी तिला. रोज, झाडाखाली, कुणी नसताना. आज एकदा मोठ्यानं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? सरांनी फार तर भुवया उंचावल्या असत्या.

बिननावाची नव्हती हो, आजी.